कॉलेजचं रजिस्टर वेगळं आणि युनिव्हर्सिटीचं रेकॉर्ड वेगळं

"आजोबा १९३२ चे फर्ग्युसनचे बीए, पुणे युनिव्हर्सिटीत अर्ज टाकला तर रेकॉर्डच नाही म्हणतात." हे कोणी ना कोणी विचारतच असतं आणि मग जाणकार मंडळी "आत ओळख लागते हो" असं ठोकून देतात. अहो ओळख कसली, १९३२ ला पुणे युनिव्हर्सिटी होती कुठे! ती १९४९ ची. त्याआधीचं फर्ग्युसन मुंबई युनिव्हर्सिटीला जोडलेलं, म्हणजे आजोबांचं रेकॉर्डही मुंबईतच.

कॉलेजचं रजिस्टर सगळ्यांना माहितीये. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, कधी आला, कधी सोडलं, त्यावरून एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. बास.

घोळ होतो तो पुढे. मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ ला निघाली ती लंडन युनिव्हर्सिटीच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि परीक्षा घेऊन डिग्री द्यायची युनिव्हर्सिटीने. १८६२ च्या पहिल्या बीए बॅचमधले रानडे, भांडारकर शिकले एल्फिन्स्टनला, पण बीए झाले मुंबई युनिव्हर्सिटीचे. त्यामुळे "फर्ग्युसनची डिग्री" असं त्या काळाबद्दल कोणी म्हटलं की माझं डोकंच सटकतं. सावरकरांचं बघा ना. १९०५ च्या विदेशी कपड्यांच्या होळीनंतर फर्ग्युसनने दंड केला आणि होस्टेलमधून काढलं, कॉलेजचा हात तेवढ्यापर्यंतच पोचतो. बीएची डिग्री १९११ मध्ये काढून घेतली ती मुंबई युनिव्हर्सिटीने, आणि १९६० ला परत दिली तीही मुंबईनेच, तेव्हा पुण्याची युनिव्हर्सिटी चांगली अकरा वर्षांची झालेली होती! डिग्री ज्याने दिली तिचा हिशोब त्याच्याकडेच राहतो, नंतर गावात नवीन युनिव्हर्सिटी आली म्हणून जुनी नावं आपोआप तिच्याकडे जात नाहीत.

म्हणून आधी साल बघा, मग गाव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा १९४० चा बीए मुंबईचा, १९५५ चा पुण्याचा, कारण शिवाजी युनिव्हर्सिटी १९६२ ची. धारवाड, अहमदाबाद इथली कॉलेजंसुद्धा १९४९ च्या आसपासपर्यंत मुंबई युनिव्हर्सिटीतच. नागपूरवाल्यांनी तर मुंबईला यायचंच नाही, १९२३ ला नागपूर युनिव्हर्सिटी झाली आणि त्याच्या आधी तिथली कॉलेजं अलाहाबादला जोडलेली होती. गोव्यातली कॉलेजं मात्र मुक्तीनंतर निघाली ती मुंबईला जोडलेली, गोवा युनिव्हर्सिटी १९८५ ची, तेव्हा पणजीतल्या काकांचं १९७५ चं बीकॉम शोधायला पणजीत फिरू नका.

मॅट्रिकचं अजून वेगळंच. वाटते शाळेची परीक्षा, पण ती १८५९ पासून युनिव्हर्सिटीची एन्ट्रन्स होती. बाबासाहेब १९०७ ला मॅट्रिक आणि १९१२ ला बीए, दोन्ही परीक्षा मुंबई युनिव्हर्सिटीच्याच. एसएससी बोर्ड फार नंतर आलं, त्यामुळे १९३० ची मॅट्रिक बोर्डात शोधण्यात काही अर्थ नाही.

मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेट यातला फरक तुम्हाला कळतोच, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त जन्मतारीख, वडिलांचं नाव किंवा राहायचं गाव हवं असेल तर युनिव्हर्सिटीच्या मागे लागू नका, ते कॉलेजच्या नाहीतर शाळेच्या रजिस्टरलाच मिळायची शक्यता जास्त. आणि युनिव्हर्सिटीकडे अर्ज करताना परीक्षेचं नाव, साल, कॉलेज, आणि त्या काळी लावत असतील ते पूर्ण नाव लिहा, "आजोबांची सर्व कागदपत्रे मिळावीत" असलं मोघम काही नको.