प्राचीन शेती व भूवापर : अभ्यासपद्धती आणि प्रतिमाने

प्राचीन समाजांनी कोणती जमीन कसली, तीत काय पिकवले आणि त्या पिकावर किती माणसे जगली, हे अवशेषांवरून व गणिती प्रतिमानांच्या (मॉडेलांच्या) साहाय्याने ठरवणारी पुरातत्त्वविद्येतील ही अभ्यासशाखा आहे. घराचा पाया मातीखाली टिकतो, शेत मात्र पुढच्या नांगरटीत पुसले जाते. त्यामुळे येथील पुरावा बहुधा अप्रत्यक्ष असतो.

उत्खननातील माती पाण्यात ढवळली असता जळून कोळसा झालेले दाणे व तणांच्या बिया वर तरंगतात. यांत तणे अनेकदा धान्याहून बोलकी ठरतात, कारण जमिनीचा ओलावा आणि मशागत कशी होती हे त्यांच्या जातींवरून कळते. शेणखत घातलेल्या जमिनीतील दाण्यांत नायट्रोजन-१५ या समस्थानिकाचे (नायट्रोजनच्या अधिक जड प्रकाराचे) प्रमाण वाढलेले आढळते. स्वीडिश भूवैज्ञानिक लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या परागविश्लेषणाने, म्हणजे साठलेले परागकण ओळखून मोजण्याच्या पद्धतीने, तळ्यांच्या गाळातून जंगलतोडीचा काळ काढता येतो. मात्र गहू व जव स्वपरागित असल्याने त्यांचे पराग दूरवर पसरत नाहीत आणि शेती होती त्याहून कमी भासते.

व्हिटा-फिन्झी व हिग्ज या अभ्यासकांनी १९७० मध्ये वस्तीभोवतीच्या सुमारे तासाभराच्या चालीतील, म्हणजे साधारण ५ किमी. त्रिज्येच्या, जमिनीचा विचार करण्याची पद्धत मांडली. आजची माती तेव्हाही तशीच होती, हे गृहीत धरणे हा तिचा कच्चा दुवा होय.

प्रतिमानाचे मूळ गणित सोपे असते. शंभर माणसांना दरसाल माणशी २०० किलो धान्य लागते आणि बियाणे वगळून हेक्टरी ५०० किलो हाती येते असे मानले, तर ४० हेक्टर जमीन लागेल. एक वर्षाआड पड ठेवल्यास ८०. खरी अडचण हेक्टरी उत्पन्नाच्या आकड्याची आहे. तो मिळवण्यासाठी इंग्लंडमधील बट्सर येथील प्रायोगिक शेतावर पुरातत्त्वज्ञ पीटर रेनल्ड्स यांनी १९७२ पासून जुन्या जातींचे गहू प्रत्यक्ष पेरून पाहिले. दरडोई जमिनीविषयीच्या अशाच गृहीतांमुळे जागतिक पातळीवरील ‘हाइड’ आणि ‘केके१०’ या प्राचीन भूवापराच्या पुनर्रचना एकमेकींपासून बऱ्याच दूर जातात.

ॲरिझोनातील लाँग हाऊस खोऱ्यासाठी संगणकात प्रत्येक कुटुंब स्वतंत्र घटक मानून इ.स. ८०० ते १३५० या काळाचे प्रतिमान चालवण्यात आले. वृक्षवलयांवरून काढलेल्या हवामानानुसार मक्याचे पीक ठरवल्यावर लोकसंख्येचा चढउतार बराचसा जुळला. पण १३०० च्या सुमारास ओस पडलेले खोरे प्रतिमानात थोडी कुटुंबे पोसतच राहिले. केवळ दुष्काळाने हे स्थलांतर उलगडत नाही, हे या न जुळण्यातूनच दिसून आले.