सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि रानातला शेतकरी

महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतीच्या गावाची माहिती काढायला बसलं की दोन कागद हाताशी येतात: जनगणनेचा गावनिहाय तक्ता आणि तलाठी दप्तरातला आठ-अ, म्हणजे कुणाच्या खात्यावर किती जमीन याचा उतारा. पहिल्यात माणसं, दुसऱ्यात खाती. दोन्हींचा मेळ बसत नाही. तो का बसत नाही याची मुळं बरीच मागं जातात.

पेशवाईतल्या गावात मिरासदार (वंशपरंपरेनं जमीन धरणारे), उपरी (तसा हक्क नसताना कसणारे) आणि बलुतेदार (गावाची कामं करणारे) अशी माणसांची ओळख होती. जमिनीशी प्रत्येकाचं नातं निराळं. बलुतेदाराचा हक्क तर खळ्यावरच्या धान्यात. इंग्रजांनी रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा (जमीनमहसूल) घेण्याची पद्धत आणली, १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून मोजणी व साऱ्याची नवी आकारणी सुरू केली, आणि सरकारच्या लेखी शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर सारा तो, असं ठरलं. आजचा खातेदार त्याच दप्तरातून आलेला आहे.

या खात्यांचं पुढं काय झालं, हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाच्या पाहणीत दाखवलं. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये तिथं सरासरी धारणा ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१४-१५ मध्ये अवघी ७. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली. त्यांतले ४६३ तुकडे एकराच्या आतले आणि ११२ तर दहा गुंठ्यांहूनही लहान. (त्याच पिंपळे सौदागरमध्ये आता टोलेजंग इमारती आहेत.)

जमीन इतकी का फुटते? नुसती भावकी वाढली म्हणून नव्हे. वाटणीची रीतही त्याला कारण. समजा १६ एकर रान आहे: ८ एकर काळी, ८ एकर मुरमाड. चार भावांत एकाला काळी आणि दुसऱ्याला मुरमाड देऊन कुणी गप्प बसत नाही, म्हणून दोन्ही रानांच्या चार-चार पट्ट्या पडतात. पुढच्या पिढीत प्रत्येकाला तीन मुलगे असले तर वाट्याला येतं एक एकर तेरा गुंठे, तेही दोन ठिकाणी. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. त्याच्याही पुढची वाटणी कागदावर चढतच नाही, कारण तिथं १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ पासून जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे, म्हणजे त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. मग सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकत्र राहतात आणि बांध तोंडी ठरतो. एका उताऱ्यावर अकरा नावं दिसली तर तिथं अकरा जण शेती करतात असं समजू नये. दोघे गावात, चौघे पुण्या-मुंबईला, एखाद्या मयताची वारसनोंदच राहिलेली, असं सर्रास असतं. उलट १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यातून वाचायला मोठ्या घरांनी कागदोपत्री खातेफोड केली. तिथं पाच खात्यांमागं चूल एकच. त्यामुळं राज्याची सरासरी धारणा १९७०-७१ च्या ४.२८ हेक्टरवरून २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली, हा कृषी गणनेतला आकडा दिशा बरोबर दाखवतो, पण त्यावरून गावातली घरं मोजू नयेत.

बहिणींची नावं वारसनोंदीत येतात आणि बऱ्याचदा हक्कसोडपत्रानं निघून जातात. १९९४ मध्ये राज्याच्या आणि २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं मुलीला जन्मतः हिस्सा मिळाला. खुरपणी-काढणीत बायका सर्वांत जास्त असूनही खातेदारांच्या यादीत त्या कमीच.

कागद आणि रान यांतली सर्वांत मोठी फट कुळकायद्यानं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांसाठीच्या कायद्यानं पडली. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याखाली १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषक दिनी, कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा कायदा होता, विदर्भाला १९५८ चा. पुष्कळांचं त्यानं भलं झालं. पण जमीन दुसऱ्याला लावायची तर कागदावर येऊ द्यायची नाही, हा धडाही मालक त्यातूनच शिकले. आजची बटई तोंडीच असते: बी-खत निम्मंनिम्मं, मेहनत वाटेकऱ्याची, पीक अर्धं. पीकपाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीत, नाव मात्र मालकाचं. २०२१ पासून ई-पीक पाहणीत खातेदार स्वतः मोबाईलवरून नोंद करतो, तरी हा भाग बदललेला नाही. गारपिटीची भरपाई खातेदाराच्या बँकेत जाते. वाटेकऱ्याचं अर्धं बियाणं मातीत गेलेलं असतं.

बलुत्याचं धान्य हळूहळू बंद झालं, १९५९ मध्ये महार वतनं, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या जमिनी, खालसा (सरकारजमा) झाली. ज्यांनी सरकारकडे कब्जेहक्काची रक्कम भरली त्यांना जमिनी परत मिळाल्या, त्याही भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. बाकीच्यांच्या हाती मजुरी उरली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेतकरी सव्वा कोटी आणि शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख आहेत. तिथंही अडचण आहे: स्वतःची एकरभर जमीन पेरून उरलेले महिने दुसऱ्याच्या रानात जाणारा माणूस मुख्य काम कुठलं सांगतो, त्यावर त्याचा रकाना ठरतो.

शिवाय ती गणती ९ ते २८ फेब्रुवारीची, ऐन ऊस गाळपाच्या हंगामातली. दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेऊन निघालेले बीडचे कोयते, म्हणजे ऊसतोडणीवरची नवरा-बायकोची जोडी, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर असतात. नियमाप्रमाणं पूर्ण मुदतभर बाहेर असलेल्या माणसाची नोंद असेल तिथं होते. म्हणून अशा गावाच्या तक्त्यात म्हातारे आणि मागं ठेवलेली पोरं जास्त दिसू शकतात. जातींचं तर विचारूच नका. १९३१ नंतरच्या छापील तक्त्यांत अनुसूचित जाती-जमाती सोडून कुणाचीच गावनिहाय संख्या सापडत नाही, त्यामुळं अमुक गावात इतके मराठा, इतके धनगर हे आकडे अंदाजाचेच.

घरटी पाहणी करताना म्हणूनच ‘जमीन किती’ एवढ्यावर थांबू नये. गेल्या खरिपात कुणाच्या नावावरचं रान पेरलं, बी कुणाचं होतं, दिवाळी ते पाडवा घरात कोण होतं, हे तीन प्रश्न विचारले की वाटेकरी आणि तोडणीवाले दोघेही यादीत येतात.