कलमाचा खुंट आणि क्लोनची आई: एका वादाची पार्श्वभूमी

देवगडच्या बागेत हापूसचं कलम बांधतात तेव्हा चांगल्या झाडाची काडी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बसवतात. वर वाढतो तो मूळ हापूसच. शास्त्राच्या भाषेत हे क्लोनिंग आहे. 'क्लोन' हा शब्दसुद्धा डहाळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आधी वनस्पतींसाठीच रूढ झाला. केळीचे मुनवे, उसाचं बेणं, सगळं त्यातलंच, आणि त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. मग डॉली नावाच्या एका क्लोन मेंढीने जग का हादरलं? माझ्या मते याचं उत्तर खुंटापाशी सापडतं. आंब्याच्या खुंटाला दुखत नाही. सस्तन प्राण्याच्या क्लोनला मात्र कूस लागते, आणि ती कुणातरी जिवंत मादीचीच असते.

प्रयोगांची सुरुवात बेडकांपासून झाली. एका पेशीचं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला तिचा गाभा, काढून ते दुसऱ्या बीजांडात, म्हणजे मादीच्या अंड्यात, घातलं तर पूर्ण जीव तयार होईल का, हा प्रश्न जर्मन शास्त्रज्ञ हान्स स्पेमान यांनी १९३८ मध्ये मांडला होता. १९५२ मध्ये अमेरिकेत ब्रिग्ज आणि किंग यांनी बेडकाच्या भ्रूणपेशींवर ते करून दाखवलं. पुढे ऑक्सफर्डला जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशींचं केंद्रक वापरलं. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९६२ चा. याच कामासाठी त्यांना तब्बल ५० वर्षांनी, २०१२ मध्ये, नोबेल मिळालं. बेडकाची अंडी पाण्यात वाढतात, त्यांना गर्भाशय लागत नाही. या काळात नीतीची चर्चा झाली ती माणसाच्या भविष्याबद्दलच्या लेखांतून आणि व्याख्यानांतून. प्रयोगशाळेच्या दारात ती अजून पोचली नव्हती.

ती पोचली स्कॉटलंडमध्ये. एडिंबराजवळच्या रॉसलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली, आणि जगाला ते कळलं फेब्रुवारी १९९७ मध्ये. इयन विल्मट, कीथ कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली होती. डॉलीचं तोंड पांढरं, तिला जन्म देणाऱ्या मेंढीचं काळं. फोटो पाहताच कळावं की पोटचं कोकरू तिच्या वंशाचं नाही. पण त्या प्रयोगाचा खरा हिशेब आकड्यांत आहे. २७७ बीजांडांत केंद्रकं घातली गेली. त्यांतून २९ भ्रूण हाती लागले, ते १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत ठेवले, आणि कोकरू झालं एक. वर्तमानपत्रांनी त्या एकाचा फोटो छापला. उरलेल्या १२ मेंढ्यांबद्दल कुणी फारसं विचारलं नाही.

सगळ्यांनी विचारलं ते माणसाबद्दल, आणि घाईघाईने. मार्च १९९७ मध्येच अध्यक्ष क्लिंटन यांनी मानवी क्लोनिंगसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा पैसा वापरायला बंदी केली. जूनमध्ये त्यांच्या जैवनीती आयोगाने अहवाल दिला. मानवी प्रतिष्ठा, कुटुंब, देवाच्या कामात ढवळाढवळ अशा मुद्द्यांवर सदस्यांची आणि धर्मपंडितांची मतं वेगवेगळी होती. एकमत झालं ते एका गोष्टीवर: हे तंत्र आज जन्माला येणाऱ्या मुलासाठी सुरक्षित नाही. त्याच नोव्हेंबरात युनेस्कोने प्रजननासाठी मानवी क्लोनिंग हे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध असल्याचं जाहीर केलं आणि २००१ मध्ये ब्रिटनने कायदा केला.

सुरक्षित नाही, हे आपल्याला कळलं कसं? कोकरं-वासरं प्रमाणाबाहेर मोठी होऊन जन्मतात, गर्भाला पोसणारी वार नीट धरत नाही, फुप्फुसं दगा देतात, हे सगळं अशा प्रयोगांतल्या मेंढ्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या शेकडो गायी-म्हशी-कुत्र्यांनी आपल्या शरीरावर सोसून दाखवलं. आपल्या लेकरांवर हा प्रयोग होऊ नये, हा आपला निर्णय त्यांच्या मेलेल्या पिल्लांवर उभा आहे. हे ऋण नैतिक चर्चेत फार क्वचित उच्चारलं जातं, आणि त्याची मला खंत वाटते.

दक्षिण कोरियाचं प्रकरण यासाठी समजून घ्यायला हवं. सोल राष्ट्रीय विद्यापीठातले ह्वांग वू-सुक यांनी २००५ मध्ये जगातला पहिला क्लोन कुत्रा जन्माला आणला, स्नपी. त्यासाठी १,०९५ भ्रूण १२३ कुत्र्यांच्या पोटात ठेवले होते. तीन गाभण राहिल्या, दोन पिल्लं जन्मली, त्यातलं एक सुमारे तीन आठवड्यांनी न्यूमोनियाने गेलं. हे काम खरं ठरलं. पण याच ह्वांग यांनी क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून मूळपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, मिळवल्याचा दावा २००४ आणि २००५ मध्ये केला होता, आणि तो बनावट निघाला. दोन्ही शोधनिबंध जानेवारी २००६ मध्ये मागे घेतले गेले. जास्त गंभीर गोष्ट पुढेच आहे. या कामासाठी स्त्रियांची दोन हजारांहून अधिक बीजांडं वापरली गेली होती. काहींना पैसे दिले होते, आणि काही बीजांडं तर त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक मुलींची होती. साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीच्या संमतीला मोकळी संमती म्हणता येईल का? इथे खुंटाच्या जागी बाई आली, आणि तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले.

त्या दरम्यान ८ मार्च २००५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सर्व प्रकारच्या मानवी क्लोनिंगविरुद्ध जाहीरनामा मंजूर झाला: ८४ बाजूने, ३४ विरुद्ध, ३७ तटस्थ. भारत विरोधात होता. क्लोन करून मूल जन्माला घालायला आपलाही विरोधच होता. उपचारांसाठीच्या संशोधनाची वाट बंद होऊ नये, एवढं आपलं म्हणणं. आपल्याकडे यावर संसदेचा स्वतंत्र कायदा नाही, पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रजननासाठीचं मानवी क्लोनिंग निषिद्ध आहे. पुढे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६-०७ मध्ये साध्या पेशींनाच मूळपेशींसारखं करण्याची रीत दाखवली आणि मूळपेशींसाठी भ्रूण वापरण्याच्या वादातली बरीच धग ओसरली.

प्राण्यांचं काम मात्र थांबलं नाही. शांघायच्या एका संशोधन संस्थेत २०१८ च्या सुरुवातीला दोन क्लोन माकडिणी जगासमोर आल्या, झोंग झोंग आणि हुआ हुआ. वर्षभरात त्याच संस्थेने पाच क्लोन माकडं दाखवली. जनुकात फेरफार करून झोप बिघडवलेल्या एका माकडाच्या पेशींपासून ती मुद्दाम तयार केली होती, आणि आजार पिल्लांत उतरला. औषधसंशोधनासाठी हे हवं होतं असं सांगितलं गेलं. मला यात सबंध इतिहासातली सर्वांत अवघड पायरी दिसते. डॉलीच्या वेळी दुःख हे अपयशाचं होतं. इथे यश म्हणजेच दुःख.

आपल्याकडचं केंद्र हरियाणातलं कर्नाल. तिथल्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचं देशातलं पहिलं क्लोन पारडू जन्मलं, समरूपा, आणि काही दिवसांतच गेलं. जूनमध्ये गरिमा आली, ती दोन वर्षांहून थोडी अधिक जगली. दुसरी गरिमा २०१० ची. तिने जानेवारी २०१३ मध्ये निरोगी पारडी दिली, महिमा. यामागचा हेतू मी हलका मानत नाही. कृत्रिम रेतनासाठी उत्तम वंशाचे रेडे अपुरे पडतात, आणि दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसाला रोजचं दूध थोडं वाढणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

१६ मार्च २०२३ रोजी त्याच संस्थेत गंगा जन्मली, गीर जातीची देशातली पहिली क्लोन कालवड. पेशी गीर गायीच्या शेपटीतली, बीजांड साहिवाल गायीचं, गर्भ वाढवला तिसऱ्याच गायीने. गंगाच्या फोटोखाली या तिघींचा उल्लेख हवा, आणि किती गायींच्या कुशीत भ्रूण ठेवले, किती गाभडल्या, किती वासरं मेलेली जन्मली, हेही तिथेच छापलं जायला हवं. रॉसलिनच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये आपले २७७ लपवले नव्हते.