वारेचं प्रथिन आणि उसनी गाळणी

गर्भारपणात बीपी वाढलं की घरोघरी आधी मिठावर बंदी येते. प्रीएक्लॅम्प्सिया या गर्भारपणातल्या आजारात मात्र खोट वारेत, म्हणजे प्लॅसेंटात असते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढतो, बहुतेकींच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात आणि प्रकरण झटक्यांपर्यंतही जाऊ शकतं. लेबेटालॉल बीपी आवरतं, मॅग्नेशियम सल्फेट झटके रोखतं. दुखणं हटतं ते वार बाहेर पडल्यावर. म्हणजे सत्ताविसाव्या आठवड्यात आईला वाचवायचं, तर जेमतेम किलोभराचं बाळ बाहेर काढायचं.

2003 मध्ये बोस्टनचे संशोधक अनंत करुमंची यांच्या गटाने नेमका गुन्हेगार दाखवला. या आजारात वार एसएफएलटी-1 नावाचं प्रथिन रक्तात बेसुमार सोडते. रक्तवाहिन्यांचं अस्तर धड ठेवणारे घटक ते परस्पर धरून ठेवतं. उंदरांच्या शरीरात ते वाढवलं, तर त्यांचंही बीपी चढलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली.

मग ते गाळूनच काढलं तर? गाळणी तयारच होती, दुसऱ्याच कामासाठी बनवलेली. आनुवंशिक कोलेस्टेरॉलच्या रुग्णांचं रक्त डेक्स्ट्रान सल्फेट भरलेल्या नळीतून फिरवतात. डेक्स्ट्रान सल्फेटचा विद्युतभार ऋण, एसएफएलटी-1 चा धन. ते तिथे चिकटतं. रक्तातला द्रव वेगळा करायचा, नळीतून न्यायचा आणि पुन्हा शिरेत सोडायचा. डायलिसिसची आठवण यावी असंच हे काम.

2011 मध्ये अमेरिका-जर्मनीतल्या डॉक्टरांनी तिघींवर हे एकाहून अधिक वेळा केलं. गर्भारपण 15, 19 आणि 23 दिवस लांबलं. 2016 मध्ये 11 जणी होत्या. एका फेरीत एसएफएलटी-1 सरासरी 18 टक्केच उतरलं, पण एकदाच उपचार झालेल्यांना 8 दिवस मिळाले, अनेकदा झालेल्यांना 15. उपचार न घेतलेल्या तशाच बायकांना 3. मुख्य त्रास म्हणजे तात्पुरतं बीपी उतरणं.

एवढ्या आकड्यांवर हुरळून जाऊ नये असं मला वाटतं. प्रसूती कधी करायची हे डॉक्टरच ठरवतात. गाळणी लावली आहे हे माहीत असलेला डॉक्टर आणखी दोन दिवस धीर धरेल, तर ते दिवस कोणाच्या खात्यात मांडायचे? शिवाय ही नळी एसएफएलटी-1 पुरतीच थांबत नाही, कोलेस्टेरॉल आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही ओढते. म्हणून फक्त एसएफएलटी-1 पकडणाऱ्या प्रतिपिंडांच्या नळीवर संशोधक काम करत आहेत.