'सी' बरा होताना 'बी' जागा होतो तेव्हा

मोतीबिंदू असो, हर्निया असो की गुडघ्याचं ऑपरेशन, पुण्यातल्या कुठल्याही हॉस्पिटलात तारीख मिळण्याआधी तपासण्यांची एक चिठ्ठी हातात पडते. साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि शेवटी तीन नावं: एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सीसाठी). लॅबमध्ये बहुतेकदा प्लास्टिकच्या छोट्या किटवर दोन-तीन थेंब टाकून ही तपासणी होते. पहिली लाल रेघ फक्त किट नीट चालतंय एवढंच सांगते. थोड्या वेळाने तिच्याशेजारी दुसरी रेघ उमटली, मग ती कितीही फिकट असो, रिपोर्टवर शब्द येतो: 'रिअ‍ॅक्टिव्ह'.

पुढचं हॉस्पिटलात वावरणाऱ्यांना ठाऊक असतं. फाइलवर खूण होते, पेशंटचा नंबर यादीत शेवटी जातो, ओटीतली मंडळी दोन-दोन ग्लोव्हज चढवतात. ऑपरेशन होतं, टाके निघतात, पेशंट घरी जातो. त्या दुसऱ्या रेघेवरून इतरांनी स्वतःची काळजी घेतली. पण ज्याच्या रक्तामुळे ती उमटली, त्याच्या लिव्हरचं काय? हा प्रश्न फार वेळा फाइलीतच राहतो, आणि मला तो अतिशय अस्वस्थ करतो. त्यातही एका गटाबद्दल जास्त, कारण त्यांच्याकडे सहसा लक्षच जात नाही: ज्यांच्या यकृतात हिपॅटायटिस बी आणि सी हे दोन्ही विषाणू एकाच वेळी ठाण मांडून असतात.

आपल्याकडे यकृताचा आजार म्हटलं की कावीळच डोळ्यांसमोर येते. डोळे पिवळे झाले नाहीत तर लिव्हर ठणठणीत, असाच समज. मग कावीळ झालीच तर हळद बंद, तेल बंद, उसाचा रस सुरू, आणि अजूनही कुणीतरी काविळीची माळ आणून डोक्यावर ठेवतं. ओल्या काड्या सुकून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ लांबत गळ्यात येते. तोवर दूषित पाण्यातून आलेली ए किंवा ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआप ओसरलेली असते. बी आणि सी यांची गोष्ट वेगळी आहे. हे दोघे रक्तातून येतात (बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडेही सहज जातो) आणि वीस-वीस, तीस-तीस वर्षं अंगात राहूनही डोळे पिवळे होऊ देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना सी होता. यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

दोन्ही विषाणूंची नावं जोडीने घेतली जात असली तरी त्यांचा स्वभाव अगदी निराळा. बी हा डीएनए विषाणू. बारुख ब्लूमबर्ग यांच्या गटाने १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्याच्या आवरणाचं प्रथिन पाहिलं. आज किटवर जे शोधतात ते एचबीएसएजी हेच. बी यकृताच्या पेशीच्या केंद्रकात शिरून स्वतःच्या डीएनएचं एक पक्कं वर्तुळ बनवून ठेवतो. टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची रोजची गोळी नव्या विषाणूंची निर्मिती थोपवते, पण त्या वर्तुळापर्यंत तिचा हात पोचत नाही. म्हणून बी काबूत राहतो, मुळापासून सहसा जात नाही. सी हा आरएनए विषाणू, १९८९ साली सापडलेला. तोवर डॉक्टर त्याला 'ए नाही, बी नाही' अशाच नावाने ओळखत. तो केंद्रकात घर करत नाही आणि पेशीत कायमचा ठेवा मागे सोडत नाही. म्हणूनच सोफोसबुविर आणि तिच्या जोडीला डॅक्लाटासविर किंवा वेल्पाटासविर अशा गोळ्या बहुतेकांना १२ आठवडे दिल्या की ९५ टक्क्यांहून अधिक जणांमधून तो पार निघून जातो. बीला लस आहे पण पूर्ण बरं करणारं औषध नाही; सीला बरं करणारं औषध आहे पण लस नाही.

आता हे दोघे एकाच यकृतात आले तर? साधा हिशेब सांगतो की दोघांचाही जोर वाढेल. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत सी वरचढ ठरतो आणि बी दबून जातो. रक्तातला बीचा व्हायरल लोड, म्हणजे विषाणूंची संख्या, इतका खाली येतो की कधी कधी मोजताही येत नाही. आधी वाटलं की सीचं एखादं प्रथिन बीला थेट दाबत असावं. पण प्रयोगशाळेत एकाच पेशीत दोघांना वाढवून पाहिलं तर ते एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. मग लक्ष गेलं शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराकडे. सीमुळे यकृतात इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूंना रोखणाऱ्या शरीराच्याच प्रथिनांची, यंत्रणा सतत चालू राहते. ती सीला पुरती पुरी पडत नाही, पण बीला मात्र दाबून ठेवते.

बी दबलेला म्हणून यकृत सुखात, असं मात्र नाही. या दोन्ही आजारांत यकृताच्या पेशी मारतं ते मुख्यतः आपलंच प्रतिकारदल, विषाणू बाळगणाऱ्या पेशींवर हल्ला करताना. वर्षानुवर्षं हे चालतं, मेलेल्या पेशींच्या जागी चिवट तंतू साचतात, मऊ यकृत कडक होतं आणि शेवटी सिरॉसिस होतो. दोन्ही विषाणू असलेल्यांमध्ये हा प्रवास एकट्या बी किंवा एकट्या सीपेक्षा वेगाने होतो, आणि यकृताच्या कॅन्सरचा धोकाही जास्त असतो. दारूची सवय असेल तर हे सगळं आणखी लवकर.

आणि इथेच ती गोष्ट येते जिच्यासाठी हा लेख लिहितो आहे. सीवरच्या गोळ्या आल्या तेव्हा सगळ्या जगाला हायसं वाटलं, आणि ते रास्तच होतं. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्‌महिने घ्यावी लागत. ताप, अंगदुखी, नैराश्य, केस गळणं, आणि एवढं सोसून बरं होण्याची खात्री नाही. अमेरिकेत सुरुवातीला सोफोसबुविरच्या एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. भारतीय कंपन्यांनी २०१५ पासून ती स्वस्तात बनवली आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पण या गोळ्यांच्या मूळ चाचण्यांमधून बी असलेल्या रुग्णांना वगळलं होतं. गोळ्या प्रत्यक्ष वापरात आल्यावर काही रुग्णांत विचित्र घडू लागलं. सी झपाट्याने कमी होतोय, आणि त्याच वेळी एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, मात्र भराभर चढतंय. सी गेल्यावर यकृतातली इंटरफेरॉनची यंत्रणा शांत झाली होती, आणि राखेखालचा निखारा वारा लागताच पेटावा तसा बी जागा झाला होता. जुन्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा बीवरही परिणाम होत असे, त्यामुळे हा धोका तेव्हा इतका ठळक दिसला नव्हता. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये जगभरातल्या अशा २४ रुग्णांची माहिती दिली; त्यांतले दोघे दगावले, एकाला यकृत बदलावं लागलं. तेव्हापासून या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापला जातो: सीवर उपचार सुरू करण्याआधी बीची तपासणी करा.

२४ हा आकडा लाखो रुग्णांपुढे लहान वाटेल. पण तपासणी साधी आणि स्वस्त आहे, धोका टाळता येण्याजोगा आहे. मग एकही माणूस यापायी का जावा? एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टर सीच्या गोळ्यांबरोबर बीची गोळीही सुरू करतात आणि सीचा कोर्स संपल्यावरही काही महिने चालू ठेवतात. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: नुसतं एचबीएसएजी निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. काहींच्या रक्तात ते प्रथिन नसतं, तरी पेशीतलं ते पक्कं वर्तुळ शाबूत असतं. बी पूर्वी येऊन गेल्याची खूण 'अँटी-एचबीसी टोटल' या तपासणीत दिसते. ती पॉझिटिव्ह असेल तर उपचाराच्या काळात एसजीपीटीवर नजर ठेवावी लागते. हाच निखारा कॅन्सरची केमोथेरपी, रिटुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध किंवा जास्त डोसचे स्टेरॉइड्स यांनीही पेटू शकतो, म्हणून त्या वॉर्डांतही हा प्रश्न विचारायलाच हवा.

दोन्ही विषाणू एकाच माणसाला का गाठतात, याचं उत्तर सरळ आहे: वाट एकच. पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसणारे, नशेसाठी एकच सुई वाटून घेणारे. रक्तपेढ्यांत आता प्रत्येक पिशवी बी आणि सीसाठी तपासली जाते, पण सीची सक्ती या शतकाच्या सुरुवातीला आली. त्याआधी रक्त चढवलेल्या कुणीही एकदा तपासून घ्यावं. डायलिसिसमध्ये तर बीचा विषाणू खास धोकादायक, कारण तो शरीराबाहेर, वाळलेल्या डागातही निदान सात दिवस तग धरतो. म्हणून बीच्या रुग्णाला वेगळं मशीन देतात. किडनीच्या रुग्णांत लस कमी लागू पडते, म्हणून त्यांना मोठा डोस देऊन नंतर अँटीबॉडी मोजून पाहावी लागते.

सुईचा निष्काळजीपणा काय करतो, ते २००९ साली शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात दिसलं. पुन्हा वापरलेल्या सिरिंजमधून बी पसरला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या साथीतल्या विषाणूचा अभ्यास आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाला. डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विषाणूच्या जनुकांत असे बदल दिसले, ज्यांचा संबंध मृत्यूंच्या मोठ्या प्रमाणाशी होता. दवाखान्यात इंजेक्शन घेताना सिरिंजचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगणं हा आगाऊपणा नाही.

तर रिपोर्टवर 'रिअ‍ॅक्टिव्ह' दिसलं की घाबरून घरातलं ताट-वाटी वेगळं करू नका. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने यांतला एकही विषाणू पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते रेझर, नेलकटर आणि टूथब्रश. डॉक्टरांना विचारा: बी सापडला असेल तर सी पाहिला का, सी सापडला असेल तर बी पाहिला का? सीची पट्टी फक्त अँटीबॉडी दाखवते आणि बरं झाल्यावरही ती आयुष्यभर पॉझिटिव्ह राहू शकते. विषाणू आज आहे की नाही ते आरएनए तपासणीच सांगते. यकृत किती कडक झालंय ते फायब्रोस्कॅनने पोटाला सुई न टोचता कळतं, आणि ते उपलब्ध नसेल तर वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून बराचसा अंदाज काढता येतो. २८ जुलै २०१८ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं ठरलेल्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. बी सापडला असेल तर नवरा-बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची तपासणी करून, निगेटिव्ह असलेल्यांना लस द्यायची. घरात बाळ येणार असेल तर जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस. जन्मतः लागण झालेल्या दहांतल्या सुमारे नऊ बाळांत हा आजार कायमचा मुक्काम करतो. ज्यांना सिरॉसिस आधीच झालेला आहे त्यांनी सी बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करत राहायची, कारण विषाणू गेला तरी कडक झालेल्या यकृतात कॅन्सरचा धोका उरतोच.