मिलियन–कोटी रूपांतर

पाश्चात्त्य पद्धतीत मोठ्या संख्येचे नाव दर हजार पटीला बदलते: हजार, मिलियन, बिलियन, ट्रिलियन. भारतीय पद्धतीत हजाराच्या पुढे दर शंभर पटीला नवे नाव येते: लाख, कोटी, अब्ज. संख्या तीच राहते. नावे आणि स्वल्पविरामांच्या जागा बदलतात.

आकडा अंकांत लिहिलेला असेल तर गणित करावेच लागत नाही. स्वल्पविराम पुसायचे, उजवीकडून आधी तीन अंक तोडायचे आणि मग दोन-दोन. २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राची लोकसंख्या पाश्चात्त्य पद्धतीने ११२,३७४,३३३ अशी लिहिली जाते. उजवीकडचे ३३३ काढले, मग ७४, मग २३, उरले ११. झाले ११,२३,७४,३३३, म्हणजे अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहतीस.

गफलत होते ती शब्दांत. एक मिलियन म्हणजे दहा लाख, दहा मिलियनचा एक कोटी, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. मिलियनला दहाने भागले, बिलियनला शंभराने गुणले की कोटी मिळतात. २५० मिलियनचे २५ कोटी होतात. घाईत एक शून्य गळाले की तेच अडीच कोटी होऊन बसतात.

मिलियनला ‘दशलक्ष’ हा प्रतिशब्द अचूक आहे, पण तो कानाला अंदाज देत नाही. सूर्य पृथ्वीपासून सरासरी १४९.६ दशलक्ष किलोमीटरवर आहे, यापेक्षा चौदा कोटी शहाण्णव लाख किलोमीटर हे चटकन समजते. बोलण्यात तर मराठीला दशांशचिन्हही लागत नाही: ७.५ मिलियन म्हणजे पाऊण कोटी, १२.५ म्हणजे सव्वा कोटी, १५ म्हणजे दीड, २५ म्हणजे अडीच. भाषांतर करणाऱ्याने ही सोय जरूर वापरावी.

जुन्या मजकुरात बिलियनपाशी थांबून पाहावे लागते. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये. तिथल्या सरकारने नऊ शून्यांचा बिलियन १९७४ मध्ये स्वीकारला. जर्मन भाषेत आजही नऊ शून्यांना मिलियार्ड म्हणतात आणि बिलियन बारा शून्यांचाच असतो.

आपल्याकडेही वरच्या नावांत एकमत नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अब्जानंतर लगेच खर्व येते, म्हणजे एकावर दहा शून्ये. हिंदीतील खरब आणि नेपाळीतील खर्ब मात्र अकरा शून्यांचे. शिवाय ‘लीलावती’तील अर्बुद आठ शून्यांचे, तर त्याच शब्दाशी नाते सांगणारे हिंदी अरब नऊ शून्यांचे, म्हणजे आपल्या अब्जाएवढे. त्यामुळे ट्रिलियनसाठी खर्व-निखर्वाच्या वाटेला न जाता ‘एक लाख कोटी’ लिहिणेच बिनचूक, आणि अर्थसंकल्पाच्या बातम्यांत तेच रुळले आहे.