इच्छोगिल कालवा आणि डोगराईची लढाई : पार्श्वभूमी

1965 च्या युद्धात भारतीय सैन्य लाहोरच्या वेशीपर्यंत जाऊन का थांबले, हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना सैन्याच्या हालचालींइतकेच एका कालव्याकडेही पाहावे लागते.

फाळणीच्या रेषेने पंजाबचे बरेच कालवे पाकिस्तानात गेले, पण माधोपूर आणि फिरोजपूर येथील त्यांची मुख्य नियंत्रणे भारतात राहिली. 1 एप्रिल 1948 रोजी पूर्व पंजाबने पाणी तोडले आणि लाहोर परिसरातील शेती अडचणीत आली. मेमध्ये तात्पुरता करार झाला खरा, परंतु पाकिस्तानने त्यावर विसंबून न राहता चिनाबचे पाणी रावीखालून पलीकडे नेणारा बंबावाली-रावी-बेदियान कालवा खोदला. भारतात तो इच्छोगिल म्हणून ओळखला जातो. केवळ सिंचन हाच हेतू असता, तर तो लाहोरच्या पूर्वेला सीमेशी जवळजवळ समांतर नेण्याची गरज होती का, अशी शंका घेण्यास जागा आहे. काठांच्या भरावात बांधलेले काँक्रीटचे पिलबॉक्स, म्हणजे आतून गोळीबार करण्यासाठीचे छोटे बंदिस्त मोर्चे, ती शंका दृढच करतात. सुमारे 40 मीटर रुंदीचा हा कालवा रणगाड्यांना पुलाशिवाय ओलांडणे अशक्य होते.

1 सप्टेंबर 1965 रोजी पाकिस्तानने जम्मू भागातील छांबमध्ये हल्ला चढवून जवळच्या अखनूरला धोका निर्माण केला. त्यावर पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने पंजाबची आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडण्याचा निर्णय घेतला आणि 6 सप्टेंबरला पहाटे 11 व्या कोअरच्या तीन डिव्हिजन पुढे सरकल्या. ग्रँड ट्रंक रस्त्यावर लेफ्टनंट कर्नल डेसमंड हेड यांच्या 3 जाट पलटणीने त्याच दिवशी कालव्याच्या पूर्व काठावरचे डोगराई गाव घेतले आणि कालवा ओलांडून ती थेट बाटापूरमध्ये, म्हणजे बाटाच्या बूट कारखान्याच्या वसाहतीत शिरली. एवढ्या लवकर मिळालेले हे यश मागे कोणाला पेलले नाही. विमानहल्ल्यात पलटणीची रिकॉइललेस (रणगाडाविरोधी) तोफांची व रसदीची वाहने उद्ध्वस्त झाली, वरिष्ठांशी संपर्क तुटला, कुमक आली नाही आणि पलटणीला माघारी बोलावण्यात आले. पुढे ही पलटण ज्या 15 व्या डिव्हिजनमध्ये होती, तिचे प्रमुख बदलण्यात आले. या आघाडीवरच्या गोंधळाचा अंदाज त्यावरून यावा.

दक्षिणेकडे बर्की हे गाव 10 सप्टेंबरच्या रात्री भारताच्या हाती आले. तिथल्या कालव्याच्या काठावर लढताना 12 सप्टेंबरला पाकिस्तानचे मेजर राजा अझीझ भट्टी ठार झाले आणि त्यांना निशान-ए-हैदर हा पाकिस्तानचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

डोगराईची पाळी पुन्हा 21-22 सप्टेंबरच्या रात्री आली, तोवर पाकिस्तानने गावाची तटबंदी बरीच मजबूत केली होती. 3 जाटने घराघरांतून, संगिनी आणि हातबॉम्बनिशी लढत गाव पुन्हा जिंकले, पण त्यासाठी 86 जवान गमावले. पाकिस्तानच्या 16 पंजाब पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल गोलवाला कैद झाले, तर हेड आणि मेजर आसाराम त्यागी यांना महावीर चक्र मिळाले. त्यागींना ते मरणोत्तर. 23 सप्टेंबरला पहाटे साडेतीनला युद्धबंदी लागू झाली. ताश्कंद करारानुसार फेब्रुवारी 1966 पर्यंत डोगराई आणि बर्की ही दोन्ही गावे परत करण्यात आली.

अशा अडथळ्याची किंमत दोन्ही बाजूंना कळली होती. 1971 च्या युद्धात भारतीय पंजाबच्या सीमेवरील फाजिल्कासमोर हेच चित्र उलटे दिसले : तिथे भारतीय संरक्षणफळी साबुना नाल्याच्या आधाराने उभी होती आणि पाकिस्तानी फौजांचा हल्ला त्याच नाल्यावरच्या पुलासाठी झाला.